दिवे लागायच्या आत

डॉक्टर हलकुड्यांनी बोट दाखवलं ते तिच्या डब्याकडे. झालं ते एवढंच. दुपारचा एक वाजला होता, औषधांच्या कपाटाच्या खालच्या फळीवर पंचशीलाचा तीन खणांचा डबा नेहमीसारखा ठेवलेला होता, आणि डॉक्टर हातातला केसपेपर हलवत म्हणाले की सिस्टर, सात नंबरच्या म्हातारीला आजपासून दही सुरू करायचंय, हॉटेलातलं नको, तुमच्या डब्यातलंच द्या. लातूर शहरात रोज कितीतरी माणसं दुसऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवत असतील, कुणी त्यासाठी डबा जवळ ओढून घेत नसेल. पंचशीलानं घेतला. कारण त्या केसपेपरवरचं नाव तिनं सकाळी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. धोंडाबाई आप्पासाहेब पाटील, वय अंदाजे पासष्ट. गावाचं नाव लिहिताना पेन अडलं होतं, तिनं ते कागदाच्या कोपऱ्यावर दोनदा घासलं आणि किल्लारीच्या रस्त्यावरचं आपलंच गाव दुसऱ्या कुणाचं असावं तसं नीट अक्षरात लिहून टाकलं. त्या गावात धोंडाबाई दोन-चार असतील. आप्पासाहेबांची एकच. सकाळपासून ती सात नंबरकडे गेली ते सलाईन बदलायला, नाडी बघायला, आणि प्रत्येक वेळी तिनं म्हातारीच्या मनगटाकडे पाहिलं, तोंडाकडे नाही. तोंड चौदा-पंधरा वर्षांत बदलतं. मनगटावरचं गोंदण बदलत नाही. तुळशीचं रोपटं आणि त्याखाली पाच ठिपके, तेच. त्याच हाताची बोटं दाराच्या चौकटीवर टेकलेली पंचशीलानं पाहिली होती, तेव्हा ती दहा वर्षांची होती.

डॉक्टर भले माणूस, पण एकदा सांगायला लागले की थांबत नसत. म्हातारीला मुदतीचा ताप आला होता, गावाकडच्या कुणी दहा-बारा दिवस कडक औषधांचा मारा केला होता, ताप गेला आणि मागं हगवण ठेवून गेला. "पोटात अख्खं गाव वसलेलं असतं, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. औषधानं चोर मारायचे तर चोरांबरोबर गावकरीही मारले. ते गावकरी म्हणजे आतड्यातले उपयोगी जंतू, तेच अन्न पचवतात, वाईट जंतूंना जागा धरू देत नाहीत, अंगाची ताकदसुद्धा त्यांच्यावर टिकून असते. गाव ओसाड पडलं की कुणीही येऊन राहतं. आता वस्ती पुन्हा बसवायची, आणि जिवंत विरजणाच्या दह्यात तसले जंतू असतात. त्याच्या गोळ्याही निघाल्यात, पण गंजगोलाईतल्या दुकानांतून सध्या मिळत नाहीत. दह्यानं सगळं होतं असं नाही, सलाईन चालूच ठेवा, पण पोट सुधारलं की माणूस सुधारतं. पंचशीला मान हलवत होती. गाव कसं वसलेलं असतं ते तिला या डॉक्टरांकडून शिकायचं नव्हतं. तुमच्या त्या पोटातल्या गावात वेशीबाहेर कोण राहतं, असं एकदा विचारावं असं तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं. गिळायची तिला सवय होती.

दही तरी दुसऱ्या कुणाकडे होतं कुठं. जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, पंचशीलाच्या नवऱ्याला, ज्ञानोबाला, कलेक्टर कचेरीत कारकुनी मिळाली, डाळमिलच्या मागं दवाखाने उगवले. सगळं नवं आलं, पाणी तेवढं जुनंच राहिलं, आणि तेही आटलं. टँकर आला की गल्लीत घागरींची भांडणं लागत. जनावरं छावणीला गेलेली. दुधात पाणी घालायचं तर पाणीही नाही म्हणून गवळ्याचं दूध त्या वर्षी म्हणे शुद्ध मिळे, पण मिळे पावशेर. त्या पावशेरातलंही अर्धी वाटी दूध पंचशीलाच्या घरी रोज संध्याकाळी विरजणाला जात असे. चहा कोरा झाला तरी चालेल, विरजण मोडायचं नाही, हा तिच्या घरचा नियम होता. ज्ञानोबा हसायचा, म्हणायचा की लोक देवघर सांभाळतात, तू दही सांभाळ. तिचं दही वॉर्डात प्रसिद्ध होतं. घट्ट लागायचं, तिसऱ्या दिवशीही आंबायचं नाही, आणि चमच्यानं उचललं की त्याला बारीकशी तार सुटायची. कुणी विचारलं की विरजण कुठलं, तर ती म्हणायची, गावाकडचं. खोटं बोलत नव्हती.

पहिला चमचा तिनं त्याच दुपारी भरवला. उशाशी सून उभी होती, जगदेवी, पस्तिशीची, सासूच्या हगवणीनं तीन दिवसांत निम्मी झालेली. पंचशीला खाटेच्या कडेला बसली, खांद्याखाली हात घालून म्हातारीला थोडं उचललं आणि चमचा तोंडाशी नेला. हे सगळं तिचं रोजचं काम, पण हात आज कुणा दुसरीचा असल्यासारखा जड झाला होता. तिला खात्री होती की म्हातारी आता विचारणार. कुणाच्यातली गं तू? कुठलं दही हाय? मराठवाड्यात पाणी प्यायच्या आधी हा प्रश्न येतो, म्हातारी माणसं मरणाच्या दारातही तो चुकवत नाहीत. पंचशीलानं उत्तर तयार ठेवलं होतं, गालात विडा धरावा तसं. सुमनबाईची लेक. वेशीबाहेरच्या सुमनची. बौद्ध. खा आता. म्हातारीनं तोंड उघडलं, घास घेतला, डोळे मिटून बराच वेळ तो जिभेवर तसाच धरला आणि गिळला. मग डोळे उघडून तिनं पंचशीलाकडे नाही, चमच्याकडे पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं. विचारलं काहीच नाही. वाटी संपली. तयार ठेवलेलं उत्तर तोंडात तसंच राहिलं, आणि पंचशीलाला असा राग आला की मोरीत वाटी धुताना तिनं ती दोनदा आपटली.

त्या गावात ताक विकत नसत. विकलं तर म्हैस आटते म्हणत, त्यामुळे ज्याच्या घरी दुभतं त्यानं ताक वाटायचं. पाटलिणीच्या घरी ताक घुसळलं की वस्तीतल्या बाया मागच्या दारी जात, आणि सुमनबाईही जाई, लेकीला बोटाला धरून, पदराखाली गाडगं घेऊन. ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं शहाणी माणसं सांगतात. ती शहाणी माणसं ताक मागायला गेलेली नसतात. भांडं खाली ठेवून चार पावलं मागं सरायचं, पाटलीण वरून धार सोडायची, धारेचा थेंब उडून तिच्या हातावर येऊ नये म्हणून हात उंच. पंचशीलाला ती धार आवडायची, हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही. पांढरी, जाड, आवाज करत पडणारी. खरं सांगायचं तर धोंडाबाई हात आखडून देत नसे, पाणी घालत नसे, देणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. हेच पंचशीलाला मोठेपणी सहन होईना. वाईट बाईनं वाईट वागलं असतं तर माणूस विसरून गेलं असतं.

बहात्तरच्या दुष्काळात ताक बंद झालं. सगळा गाव खडी फोडायला गेला, सुमनबाईही गेली, पाठीशी पंचशीलाचा दीड वर्षाचा भाऊ, भीमा. भीमाला जुलाब लागले. कामावर फिरणारा कंपाउंडर म्हणाला की दूध तोडा, मऊ भात आणि ताजं दही भरवा. तांदूळ मूठभर होते. दह्यासाठी सुमनबाई कामावरून परस्पर पाटलाच्या मागच्या दारी गेली, आणि पंचशीला भीमाची वाटी घेऊन मागं. ऊन होतं. हे पंचशीलाला जितकं पक्कं आठवतं तितकं स्वतःचं नाव आठवत नाही. गोठ्यापाशी कडुनिंब होता, आणि सूर्य त्याच्या शेंड्याच्याही वर होता, निंबाची सावली अजून भिंतीला शिवली नव्हती. धोंडाबाई दारात आली, चौकटीवर बोटं टेकली, सुमनबाईचं सगळं ऐकून घेतलं. आत ओसरीवर आप्पासाहेब खोकले. मग ती म्हणाली, "दिवे लागले, सुमन. आता दही-इरजण देत नसतेत." दिवे लागल्यावर दुधा-दह्याचं देणं केलं की लक्ष्मी जाते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, सुमनबाईलाही. तिनं एकदा निंबावरच्या सूर्याकडे पाहिलं. एकदा चौकटीशेजारच्या देवळीकडे पाहिलं. देवळीत दिवा होता, त्यातली वात कोरडी होती. "बरं, पाटलीणबाई," ती म्हणाली, आणि पदराखालचं गाडगं आणखी आत ओढून वळली. लेकीनं तिचं तोंड पाहिलं. रडत नव्हती ती. लाजली होती, दिवे लागल्यावर येण्याची चूक जणू खरंच तिची होती.

पंचशीला आईमागं गेली नाही. ती गोठ्याला वळसा घालून मागं गेली. कट्ट्यावर दह्याचं भांडं होतं, उघडं, झाकण शेजारी. तिनं भीमाची वाटी आत बुचकळली, मनगटापर्यंत हात बरबटला, आणि ती ढेकळांतून पळत सुटली, वाटीवर दुसरा हात धरून. आयुष्यातली तिची एकच चोरी. भीमानं आईच्या बोटावरचं दही दोनदा चाटलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो गेला. वाटीत दोन बोटं दही उरलं होतं. ते खायचा कुणाला धीर झाला नाही, टाकायचाही झाला नाही, आणि तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर सुमनबाईनं शेजारच्या शेळीचं घोटभर दूध मागून आणलं आणि त्यात ते दही घालून ठेवलं. का घातलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. सकाळी ते लागलं होतं. तेव्हापासून ते लागतंय.

नर्सच्या शिक्षणाला नांदेडला जाताना पंचशीलानं ते विरजण एका पांढऱ्या फडक्याला पुसून, सावलीत वाळवून, ट्रंकेत घालून नेलं. वसतिगृहात मुलींच्या ट्रंकांत घरचे लाडू होते, अर्धापूरची केळी होती, हिच्या ट्रंकेत कडक झालेलं फडकं. कोमट दुधात ते बुडवलं की दुसऱ्या दिवशी गाव उठून बसायचं. तिथंच वर्गात तिला शिकवलं की जुलाबात लेकरू मरतं ते अंगातलं पाणी गेल्यानं, आणि मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं तर बहुतेक लेकरं वाचतात. तिनं हे वहीत लिहून घेतलं. म्हणजे दह्यानं भीमा वाचला नसता, निदान नुसत्या दह्यानं नाही. मीठ तेव्हा घरात होतं. गूळही होता. ही गोष्ट तिनं आईला आजतागायत सांगितलेली नाही. आणि तिला वाटलं होतं की हे कळल्यावर धोंडाबाईवरचा राग उतरेल. उलट तो मोकळा झाला. आधी त्याला भीमाचं मरण बांधलेलं होतं, आता तो नुसता त्या एका वाक्याचा राग उरला. डोळ्यांदेखत ऊन असताना दिवे लागले म्हणायचं आणि समोरच्याला ते मान्य करायला लावायचं. तिला त्या बाईचं काय करायचं होतं ते तिला तेव्हापासून नक्की माहीत होतं. मारायचं नव्हतं. त्या बाईनं कधीतरी तिच्या दारी हात पसरावा, आणि आपण नाही म्हणावं, एवढंच. देव मानत नसल्यामुळे हे तिनं कुणाकडे मागितलं नाही. रोज संध्याकाळी दुधात विरजण घालताना तेवढं आठवायची.

आणि आता ती बाई आपसूक सात नंबरला येऊन पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना पंचशीलानं दह्याची वाटी गॅसवर ठेवली. ठरवून नाही ठेवली, हातानं ठेवली. दही तापवलं की जंतू मरतात, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं. दिसायला दही ते दही राहतं, जरा पाणी सुटतं इतकंच, थंड करून ढवळलं तर डॉक्टरलाही कळणार नाही. सात नंबरला मेलेलं दही जाईल. वस्ती बसणार नाही. म्हातारी आणखी चार दिवस धोतरा-लुगड्यांत घाण करत पडेल, सुनेपुढं लाजेल, मरणार तर नाही, सलाईन आहेच. ती हे सगळं शांतपणे पाहत होती, वाटीच्या कडेनं पिवळं पाणी सुटलं तेही, आंबूस वाफ नाकात गेली तेही. मागून सुमनबाई आली. आई लेकीकडेच राहायची, दिवसाचं काम करून आल्यावर जसं बसायचं तसं अजूनही भिंतीला टेकून बसायची.

"दही तापवतेत का गं कुणी?" ती म्हणाली.

पंचशीलानं तिला अजून सांगितलं नव्हतं की सात नंबरला कोण आहे. आताही सांगितलं नाही. तिनं गॅस बंद केला, वाटी तशीच उचलली आणि ते तापलेलं, फुटलेलं दही उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकलं. जीभ भाजली. मग डब्यात भांड्यातलं चांगलं दही भरलं. दयेनं नाही भरलं, यात कुणी गफलत करू नये. आईच्या समोर आपल्या घरचं विरजण मारायचं तिला जमलं नाही, आणि दुसरं असं की अंथरुणाला खिळलेल्या बाईवर सूड घेऊन उपयोग काय. ती बरी व्हायला हवी. तिला उठून बसता यायला हवं, ऐकू यायला हवं, हात पसरता यायला हवा. म्हणून पंचशीलानं तिला बरं करायचं ठरवलं, आणि इतक्या मन लावून पेशंटला बरं करणारी नर्स त्या दवाखान्यात दुसरी नव्हती.

सकाळी एक लहान वाटी, दुपारी एक, संध्याकाळी भाताबरोबर, आणि त्यासाठी घरात चहा कोरा झाला, पावशेरातलं सगळं दूध विरजणाला जाऊ लागलं. तिसऱ्या दिवशी जुलाब कमी झाले. चौथ्या दिवशी म्हातारीला भूक लागली, तिनं तिखट मागितलं, ते मिळालं नाही तेव्हा चिडली, आणि डॉक्टर म्हणाले, चिडली म्हणजे सुधारली. गालफडांना रंग आला. रात्रीची झोप लागते म्हणाली. पाचव्या दिवशी ती भिंतीला धरून मोरीपर्यंत चालत गेली. डॉक्टर खूश, गाव बसलं म्हणाले. पंचशीला तिच्या अंगात ताकद येताना पाहत होती ती शिकारी सशाकडे पाहतो तशी, आणि मनातल्या मनात वाक्यं घोळवत होती. चालताना घोळवायची, इंजेक्शन भरताना घोळवायची. तुमच्या पोटात हे जे बसलंय ना पाटलीणबाई, ते माझ्या घरचं आहे. इतके दिवस तुम्ही माझ्या हातचं जेवलात. वरून धार धरली नाही मी, तोंडात चमचा घातला. आता गावात जाऊन सांगा. कधी हे वाक्य तिला फार लांब वाटायचं, कधी फार थोडकं. एकदा जगदेवीनं विचारलं की सिस्टर, दह्याचे काय द्यायचे, तर ती म्हणाली, जाताना सांगते.

जायचा दिवस आला तो सहावा. सकाळपासून लाईट नव्हती, पंखे उभे, डॉक्टर मान पुसत राऊंड घेऊन गेले. चार वाजता वॉर्डाच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ सात नंबरवर येत होतं, चादर उजळून निघाली होती. म्हातारी लुगडं नेसून, केस विंचरून, खाटेवर बसली होती. जगदेवीनं पिशवी भरली. मुलगा व्यंकट खाली रिक्षा बघायला गेला होता. पंचशीला डबा घेऊन आली, खाटेच्या कडेला बसली, शेवटची वाटी म्हातारीच्या हातात दिली, आणि तिनं ती संपवेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मला वळखलं का, पाटलीणबाई?"

म्हातारीनं वाटीची कड बोटानं पुसली, बोट चाटलं.

"सुमनची लेक न्हवं का तू?"

पंचशीलाची सगळी वाक्यं एकदम रिकामी झाली. म्हातारी सावकाश बोलत होती, दम खात, जसं काही हे तिनंही सहा दिवस घोळवलं होतं. "पैल्या घासालाच वळखलं मी. तुला न्हाई, इरजणाला. हे माझ्या मायच्या घरचं हाय. लगीन करून उदगीराकडून आले तवा फडक्याला पुसून, वाळवून आणलं व्हतं. तार सुटती याला. दुसऱ्या कुणाच्या दह्याला न्हाई सुटत." म्हणजे ट्रंकेतलं ते फडकंसुद्धा आपलं एकटीचं नव्हतं, असं पंचशीलाला वाटलं. म्हातारी पुढं सांगत होती की सुमन वळली आणि पोरगी गोठ्याकडं गेली ते तिनं दारातून पाहिलं होतं. कट्ट्यावरच्या भांड्याचं झाकण तिनंच काढून ठेवलं होतं, सुमनला दुरून येताना पाहिलं तेव्हाच. मालक ओसरीवर बसलेले, त्यांच्यासमोर हातानं कसं देणार. लेकरू शहाणं असलं तर घेईल, असं वाटलं. "घेतलंस," ती म्हणाली, आणि तिला त्यात कुठंतरी समाधान होतं.

खरं होतं की खोटं, कोण सांगणार. पंचशीलाला झाकण आठवत होतं, शेजारी पडलेलं, पालथं. पण तिला त्या क्षणी खऱ्या-खोट्याचं पडलंच नव्हतं. भीमासाठी तिनं आयुष्यात एकच गोष्ट केली होती. त्याला घास मिळाला होता तो कुणाच्या उपकाराचा नव्हता, बहिणीनं पळवून आणलेला होता. एवढी एक वाटी त्या सगळ्यात तिची स्वतःची होती. आणि आता ही बाई बसल्या बसल्या तीही काढून घेत होती, चोरीचंसुद्धा दान करून टाकत होती. मेलेल्या लेकराच्या तोंडातलं दहीही पाटलांनीच दिलेलं निघालं.

"दिवा लागला नव्हता, पाटलीणबाई," पंचशीला म्हणाली. "ऊन होतं. निंबाच्या वर होतं."

"दिवे लागले व्हते, बाई," म्हातारी म्हणाली. हट्टानं नाही, आपलं वय सांगावं तसं. मग तिनं रिकामी वाटी पुढं केली. जनावरं छावणीत गेली, दूध तुटलं, घरचं विरजण औंदा मेलं, ते तिनं सांगितलं, आणि जगदेवीनं पदर सारखा केला तेव्हा पदराखाली लहानसं कडीचं भांडं दिसलं, घासून आणलेलं. सासू-सुनेचं आधीच ठरलं होतं तर. "वाटीभर इरजण दे," म्हातारी म्हणाली. "माझंच हाय. माझं मला दे."

हात पसरलेला होता. गोंदणासकट, तुळशीसकट, ऊन पडलेला. जो हात बघायला पंचशीला चौदा-पंधरा वर्षं रोज दुधाशी बसली होती तो तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावर होता. माझंच हाय, असं म्हणत होता, तरी पसरलेला होता. डब्याच्या मधल्या खणात दही होतं, वाटीभर सहज. तिला आईचं तोंड दिसलं, देवळीकडे पाहून लाजलेलं.

ती उठली. वॉर्डाच्या दाराशी दिव्यांच्या काळ्या बटणांची पाटी होती. ती चालत तिथपर्यंत गेली, पाच नंबरची बाई, नऊ नंबरची बाई आणि तिची नणंद, सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. तिनं सात नंबरचं बटण खाली दाबलं. टक् असा आवाज झाला. लाईट नव्हतीच, बल्ब लागला नाही. ती परत आली, खाटेजवळ उभी राहिली आणि डब्याचं झाकण लावलं.

"दिवे लागले, पाटलीणबाई," ती म्हणाली. "आता इरजण देत नसतेत."

जगदेवीनं वर पाहिलं. विझलेल्या बल्बकडे पाहिलं, मग खिडकीतून सासूच्या मांडीवर पडलेल्या उन्हाकडे.  तिनं पदराखालचं भांडं आणखी आत ओढलं, आणि तिचं तोंड पंचशीलानं पाहिलं. ती लाजली होती. तिचा काय दोष होता, ती तेव्हा त्या घरात आलीसुद्धा नव्हती, हे पंचशीलाला कळत होतं, आणि कळूनही तिला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, घाणेरडं वाटेपर्यंत बरं वाटलं.

म्हातारीनं बल्बकडे पाहिलं. तिचा हात सावकाश खाली आला. वाटी तिनं चादरीवर ठेवली, सुनेच्या खांद्याला धरून उठली, आणि दारापर्यंत गेल्यावर तिथल्या चौकटीवर बोटं टेकून थांबली.

"व्हय," ती म्हणाली. "लागलेत."

मग दोघी जिना उतरल्या. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. पंचशीलानं सात नंबरची चादर काढली, गादी उलटली, केसपेपरवर वेळ लिहिली, चार वाजून पंचवीस मिनिटं. बटण वर करायचं ती विसरली की तिनं केलं नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. साडेसहाला लाईट आली तेव्हा त्या रिकाम्या खाटेवरचा बल्ब आपोआप लागला, आणि पंचशीला डबा घेऊन घरी निघाली, कारण दूध तापवून निवत ठेवायची वेळ झाली होती.